आधी जागेचे आभार

शोकसभेत आभार मानायचे नसतात, असा आपल्याकडे संकेत आहे. तो आम्ही पाळला, आणि त्यामुळे खांबेटेकाकांची शोकसभा नेमकी खांबेटेकाकांच्या मनाविरुद्ध संपली. चर्चचा हॉल आयत्या वेळी मिळाला होता, चहा कुणीतरी घरून थर्मासमधून आणला होता, खुर्च्या कुणीतरी मांडल्या होत्या. आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो, कोट चढवले आणि चालते झालो. कार पार्कमध्ये मला ते इतकं खुपलं की मी परत आत गेले आणि हॉलच्या केअरटेकरला, बॅरीला, थँक यू म्हणून आले. तो खुर्च्या आवरत होता. म्हणाला, "ही वुड हॅव डन इट प्रॉपर्ली." आता बोला.

मी आमच्या मंडळाची सेक्रेटरी. पुण्याहून ब्रिस्टलला येऊन वीसेक वर्षं झाली, हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करते, आणि माझी जीभ तिखट आहे असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. असेल. इथे राहून सगळ्यांनाच 'लव्हली, लव्हली' म्हणायची सवय लागते, कुणीतरी एकानं तरी खरं बोलायला नको का? तर खरं सांगायचं म्हणजे खांबेटेकाका हा आमच्या मंडळातला चेष्टेचा विषय होता, आणि त्यात त्यांचा स्वतःचा हातभार मोठा होता.

अरविंद खांबेटे. विमानाची इंजिनं करणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. अंगानं शिडशिडीत, चष्मा जाड, आणि सणासमारंभाला एकच चॉकलेटी सूट, ज्याची कोपरं मालतीकाकूंनी चामड्याची ठिगळं लावून जगवली होती. मंडळात त्यांच्याकडे काम एकच. आभारप्रदर्शन. बाकी पदं आली, गेली, अध्यक्षपदावरून दोन घराण्यांचं बोलणं बंद झालं, पण आभार काकांचे. ते काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही, आणि खरं म्हणजे ते कुणाला नकोच होते.

डोळ्यांसमोर आणा. गणपतीचा कार्यक्रम. आरती झाली, मुलांचं नाटुकलं झालं, मागच्या किचनमधून मसालेभाताचा वास सुटलाय, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडतायत, आणि हे गृहस्थ माइकसमोर उभे. माइक चालू असला तरी आधी दोन बोटांनी वाजवून बघायचे. मग म्हणायचे, "मंडळी, हा कार्यक्रम हवेत झालेला नाही. एका जागेत झाला. तेव्हा आधी जागेचे आभार." आणि तिथून बॅरी. हॉल बॅरीनं कसा उघडला, हीटिंग बॅरीनं कसं लावलं, समई पेटवली तेव्हा फायर अलार्म वाजू नये म्हणून बॅरी स्टूल घेऊन कसा उभा राहिला. ते संपलं की इंग्रजीत, "मिस्टर बॅरी, इफ यू आर प्रेझेंट, प्लीज स्टँड अप."

बॅरी कुठला प्रेझेंट असायला? तो मागच्या गल्लीत सिगरेट ओढत असायचा. पण काका थांबायचे. थांबायचे म्हणजे हात मागे बांधून, मान थोडी कलती करून, शांत उभे राहायचे, आणि माणूस दिसेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचे नाहीत. शेवटी कुणीतरी धावत जाऊन बॅरीला ओढून आणायचं, तो लाजून हात वर करायचा, टाळ्या व्हायच्या, आणि मगच काका पाहुण्यांकडे वळायचे. मग कलाकार, मग स्वयंपाकवाल्या बायका, मग माइकवाला, मग सतरंज्या घालणारे. शेवटचं वाक्य ठरलेलं, "ज्यांची नावं अनवधानानं राहून गेली असतील त्यांनी उदार मनानं क्षमा करावी." कुणाचं नाव कधी राहायचं नाही. मसालेभात मात्र निवलेला असायचा.

एकदा आमच्या एका उत्साही कमिटी मेंबरनं त्यांना विचारलं होतं, "काका, हॉल आपण भाड्यानं घेतो ना? मग कसले आभार?"

काका म्हणाले, "भाडं भिंतींचं दिलंस. रिकामी जागा असं काही जगात नसतं रे. आपण यायच्या आधी कुणीतरी ती झाडलेली असते. त्या माणसाला माहीत तरी असू दे की आपल्याला ते माहीत आहे."

बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'चिअर्स, ड्राइव्ह' म्हणायची ब्रिस्टलची पद्धतच आहे. सगळे म्हणतात, उतरता उतरता. काका दाराशी उभे राहून म्हणायचे, आणि ड्रायव्हरनं मान हलवल्याशिवाय उतरायचे नाहीत. मागे आमची रांग. शेजारणीची ॲपल पायची डिश परत करायची तर तिच्यात रव्याचे लाडू. त्या बाईला लाडू कळेनात, तिनं ते दुधात भिजवून नाश्त्याला खाल्ले, आणि डिश परत करताना त्यात स्कोन्स घातले. ती डिश दोन्ही घरांच्या मधे वर्षानुवर्षं फिरत होती, कारण रिकामी परत करणार कोण? मालतीकाकू म्हणायच्या, "यांना वरून बोलावणं आलं की हे आधी चित्रगुप्ताचे आभार मानायला उभे राहतील. तो कंटाळून परत पाठवेल." मालतीकाकू स्वतः आधी गेल्या. त्यांच्या वेळी काकांनी क्रेमेटोरियमच्या माणसांचे आभार मानले होते, एकेकाला नाव विचारून, आणि मागून आलेल्या अंत्ययात्रेची गाडी बाहेर खोळंबली होती.

हे असं का, ते मला एकदा कळलं. त्यांच्या रिटायरमेंटची गोष्ट ते सांगत होते. ऑफिसात केक कापला. साहेब वयानं त्यांच्या निम्मा. त्यानं छोटंसं भाषण केलं आणि शेवटी काकांचा हात हातात घेऊन म्हणाला, "आय होप यू एन्जॉइड युअर टाइम हिअर."

"म्हणजे बघ स्मिता," काका मला म्हणाले, "हॉटेलातून निघताना विचारतात ना, तसं. मी उत्तर द्यायला उभा राहिलो. सगळ्यांचे आभार मानायचे होते, तयारी केली होती. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं बार उघडला, आणि सगळे गेले."

मी म्हटलं, "गाढवं आहेत."

"गाढवं नाहीत गं. आभार घरचा माणूस मानतो. पाहुण्यानं फक्त निरोप घ्यायचा असतो. त्यांना मी आभार मानणाऱ्यातला वाटलोच नाही, एवढंच."

एवढंच. सगळं आयुष्य या गावात गेलं, मुलगा इथे वाढला, नात इथे जन्मली, बायको इथल्या धुरात गेली, आणि माणूस अजून पाहुणा. मला संताप आला. काकांना संताप यायचा नाही. त्यांना फक्त एकदा या गावाच्या वतीनं, गावाच्या एखाद्या मोठ्या समारंभात, आभार मानायचे होते. मंडळाच्या गणपतीत नव्हे. तिथे ते घरचेच होते.

आणि त्यासाठी या भल्या माणसानं निवडलं काय, तर स्थापना दिन समिती.

ही समिती म्हणजे एक नमुना आहे. चारशे वर्षांपूर्वी ब्रिस्टलच्या धक्क्यावरून थोडी माणसं जहाजात बसून अटलांटिकपलीकडे गेली आणि तिथल्या एका थंडगार किनाऱ्यावर त्यांनी वस्ती केली. इंग्रजांच्या अगदी पहिल्यावहिल्या वसाहतींपैकी ती एक. नाव मी सांगत नाही. ते दगडावर कोरलंय, चहाच्या मगवर छापलंय, टी टॉवेलवर आहे, माझ्या हातभाराची गरज नाही. तर त्या वसाहतीचा वाढदिवस दर वर्षी साजरा करायला ही समिती. पुढे अर्ध्या जगात जाऊन यांनी जे दिवे लावले त्याची ही पहिली पणती, आणि हे तिच्याभोवती केक कापतात.

अध्यक्ष ज्युलियन. निवृत्त वाइनवाला, पँट लाल, गाल तिच्या खालोखाल लाल. त्या जहाजातला एक सुतार आपला पूर्वज होता असं तो पहिल्याच वाक्यात सांगतो. सुतार. ज्युलियनच्या स्वतःच्या घराचं दार तळाशी घासतं, ते त्याला अजून नीट करता आलेलं नाही. आणि हा पूर्वज तिथे एक हिवाळा कसाबसा काढून मिळालं त्या जहाजानं परत आला. हेसुद्धा ज्युलियनच सांगतो, अभिमानानं. थंडी सोसवली नाही म्हणून घरी पळून आलेल्या माणसाचा वारसा तो मखमली जाकीट घालून मिरवतो.

समारंभात एक प्रवेश असतो. गावातले अकाउंटंट आणि इस्टेट एजंट गळ्यात पांढऱ्या झालरी आणि पायांत बायकी मोजे घालून पुठ्ठ्याच्या होडीतून उतरतात. गुडघे टेकतात, झेंडा रोवतात, प्रार्थना म्हणतात. किनाऱ्यावर पुठ्ठ्याची झुडपं असतात. माणूस एक नसतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या बाईला विचारलं होतं, "तिथे कोणीच राहत नव्हतं का?" ती म्हणाली, "कास्ट अगदीच लहान आहे हो आमची, नटच पुरत नाहीत."

काका या समितीवर कित्येक वर्षं. काम काय? आदल्या दिवशी हॉल उघडायचा, खुर्च्या मांडायच्या, आणि बटाटेवडे आणायचे. वडे समितीवाल्यांना भारी आवडायचे, म्हणजे वडेच, काका नव्हे. एका वर्षी वड्यांपुढे पाटी लावली होती, 'सेटलर्स स्पाइस्ड पोटॅटो बाइट्स'. मी ती काढून पर्समध्ये घातली. अजून आहे माझ्याकडे. कोणी पाहुणा आला आणि इंग्रजांच्या सौजन्याबद्दल बोलायला लागला की दाखवते.

आणि समारंभ संपला की ज्युलियन दाराशी उभा राहून सगळ्यांना निरोप द्यायचा. काका खुर्च्या आवरून सगळ्यांच्या शेवटी निघायचे. ज्युलियन त्यांचा हात हलवून दर वर्षी तेच म्हणायचा, "थँक यू सो मच फॉर कमिंग, अरविंद."

घरी सोडताना गाडीत काका एकदा म्हणाले, "मी आलो नव्हतो गं. मी होतोच."

त्यांनी दर वर्षी आभार मागितले. दर वर्षी ते दुसऱ्याला गेले. एकदा चर्चच्या व्हिकरला, एकदा कुठल्याशा काउन्सिलरला, एकदा ज्युलियनच्या बायकोला, जिनं दोन वाक्यांत सगळं आटोपून नळ उघडावा तशी वाइन उघडली. मी काकांना म्हटलं, "सोडा ना तो नाद. का नाक घासता त्यांच्यापुढे?"

मग मोठा वाढदिवस आला. आकडा गोल, लंडनहून पाहुणे येणार, ग्रँट मिळालेली. आणि ग्रँट देणाऱ्यांची अट, की स्टेजवर 'कम्युनिटी' दिसली पाहिजे. ज्युलियननं टेबलाभोवती नजर फिरवली. कम्युनिटी एकच होती आणि ती वड्यांचा डबा घेऊन बसली होती.

"टू मिनिट्स, अरविंद," ज्युलियन म्हणाला. "जस्ट द स्पॉन्सर्स."

काका तिथून सरळ माझ्याकडे आले. बसले नाहीत. कोटही काढला नाही. "मला आभार दिले," म्हणाले. मुलाचं लग्न ठरल्यासारखा चेहरा. मी म्हटलं, "काका, दोन मिनिटांत तुमचा नुसता माइक वाजवून होतो." पण मनातून मला कसंतरीच झालं. इतकी वर्षं थांबून मिळालं काय, तर उरलेली दोन मिनिटं, तीही अट पुरी करायला.

त्यांची नात इशा नॉटिंगहॅमला शाळेत हिस्ट्री शिकवते. तिला कळल्यावर ती पुढच्याच शनिवारी ट्रेननं आली. मी तिथेच होते. काका तिला पोहे वाढत होते आणि ती त्यांना झापत होती.

"आजोबा, तुला कळतं ना हे काय आहे? ते लोक गेला आणि दुसऱ्याचा जमीन घेतला. देन दे केम टू अस. आणि तू स्टेजवर जाऊन त्यांना थँक्यू बोलणार? फॉर व्हॉट?"

"लिंबू घे," काका म्हणाले.

"आय ॲम सीरियस. मी येईल, पण तू बोलायला लागला की मी उठून बाहेर जाईल. सगळ्यांसमोर."

"जा. पण आभार संपल्यावर जा. मधेच उठलेलं बरं दिसत नाही."

मी इशाच्या बाजूनं बोलले. स्पष्ट म्हटलं, "काका, पोरगी बरोबर बोलतेय. ज्यांनी आपल्याकडे येऊन ठाण मांडलं त्यांच्या या पहिल्या उद्योगाची आरती तुम्ही करणार? आणि तेही शेवटी, सगळे कोट शोधत असताना?"

काकांनी पोह्यांचं पातेलं खाली ठेवलं. "कार्यक्रम कुणाचा ते मी बघत नाही. कार्यक्रम झाला की आभार राहता कामा नयेत. आणि हे मानायला मला घरचा म्हणून उभं करतायत. मी नाही म्हणू?" त्यांचा आवाज थोडा चढला होता. त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. इशानं पोह्यांवर लिंबू पिळलं.

समितीच्या शेवटच्या मीटिंगला मीही होते. आमच्या बायकांचं लेझीम त्यांना 'समथिंग कलरफुल' म्हणून हवं होतं. सगळं ठरल्यावर काकांनी हात वर केला.

"ज्युलियन, आभारासाठी एक माहिती पाहिजे. हूज प्लेस वॉज इट?"

"द हॉल? काउन्सिलचा."

"हॉल नाही. तिथला. जिथे ते उतरले. कुणाची जागा होती?"

ज्युलियन हसला. "ओह, इट वॉज एम्प्टी, अरविंद. मोर ऑर लेस."

"मोर ऑर लेस," काका म्हणाले. "म्हणजे कुणीतरी होतं. त्यांची नावं मिळतील का?"

टेबलाभोवती थोडी चुळबुळ झाली. एका बाईला वाटलं तिच्या घरी कुठेतरी पुस्तक असेल. दुसऱ्याला वाटलं म्युझियमला विचारावं. मग कुणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. काका म्हणाले, "समबडी मस्ट हॅव बीन स्वीपिंग इट." सगळे मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला. काकांना ओळखणाऱ्या कुणालाही माहीत होतं की या माणसानं जन्मात विनोद केलेला नाही. नंतर फोन करकरून त्यांनी म्युझियमलाही विचारलं. तिथेही नावं नव्हती.

समारंभाच्या दिवशी हार्बरकडेचा तो हॉल गच्च भरला होता. लंडनचे पाहुणे पुढे. होडी आली, झालरवाले उतरले, गुडघे टेकले, पुठ्ठ्याच्या झुडपांत झेंडा रोवला गेला. ज्युलियननं सुताराची गोष्ट सांगितली. आमचं लेझीम झालं आणि लोकांनी लहान मुलांचं कौतुक करावं तशा टाळ्या वाजवल्या. मग एकदम सगळे हलायला लागले, कारण मागे ग्लास मांडल्याचे आवाज येत होते. इशा शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी होती, अंगात कोट, बटणं लावलेली.

काका स्टेजवर आले. चॉकलेटी सूट, इस्त्री करकरीत. हातात ज्युलियननं दिलेलं स्पॉन्सर्सच्या नावांचं कार्ड. माइक दोन बोटांनी वाजवला. चालू होता.

इंग्रजीत बोलले, पण वाक्यं आमचीच होती. मला पुढचा शब्द आधी कळत होता. "लेडीज अँड जंटलमेन, हा कार्यक्रम हवेत झालेला नाही. एका जागेत झाला. म्हणून आमच्याकडे आधी जागेचे आभार मानतात." ज्युलियननं मान डोलावली. त्याला वाटलं, काउन्सिल.

"चारशे वर्षांपूर्वी या गावातली माणसं एका किनाऱ्यावर उतरली. तो किनारा कुणाचा तरी होता. तिथे लोक राहत होते, मासे धरत होते, ती जागा राखत होते. आपण आज जे साजरं करतोय ते त्यांच्या जागेत झालं. या गावाच्या वतीनं मी त्यांचे सर्वप्रथम आभार मानतो. हे तेव्हाच व्हायला हवं होतं. उशीर झाला त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

ग्लासांचे आवाज थांबले.

"नाव घेतल्याशिवाय मी कुणाचे आभार मानत नाही," काका म्हणाले. "मी समितीत विचारलं, म्युझियममध्ये विचारलं. नावं मिळाली नाहीत. तेव्हा त्यांच्यापैकी कुणी इथे हजर असल्यास त्यांनी कृपया उभं राहावं."

आणि ते थांबले. हात मागे बांधून, मान थोडी कलती करून. बॅरीसाठी थांबायचे तसेच.

काय सांगू तुम्हाला ते थांबणं. त्यांच्यात उपरोधाचा थेंब नव्हता. उपरोध माझा प्रांत, मला ओळखू येतो. ते खरोखरच वाट बघत होते. गच्च भरलेल्या हॉलमध्ये नजर रांगारांगांतून सावकाश फिरवत होते, कुणी उठतंय का म्हणून. लंडनचे पाहुणे आपल्या बुटांकडे बघायला लागले. झालरवाला एक इस्टेट एजंट खुर्चीत नुसता हलला, तर काका आशेनं त्याच्याकडे वळले, आणि तो बिचारा पांढराफटक पडला. ज्युलियनचे गाल पहिल्यांदाच पँटीपेक्षा लाल झाले. कुणी उठलं नाही. उठणार कोण?

मग काकांनी मान हलवली, कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि पुढे गेले. पाहुणे, स्पॉन्सर्स, लेझीमवाल्या, माइकवाला, ग्लास पुसणाऱ्या दोन मुली, त्यांची नावंसुद्धा. एकही चुकलं नाही. शेवटी अनवधानाचं नेहमीचं वाक्य येणार म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही. काका म्हणाले, "बाकी सगळ्यांची नावं घेतली. राहिली ती फक्त पहिल्यांची." आणि खाली उतरले.

टाळ्या झाल्या. इंग्रज माणूस गोंधळला की टाळ्या वाजवतो. शेजारची बाई मला म्हणाली, "हाउ व्हेरी थॉटफुल," आणि लगेच आपली पर्स शोधायला लागली, जी तिच्या मांडीवरच होती. मी रडत होते. कशाला लपवू? इतकी वर्षं मी या लोकांना घरी बसून शिव्या घातल्या, त्या शिव्यांनी कधी एका माणसाच्या हातातला ग्लास खाली आला नाही.

नंतर व्हायचं ते झालं. महिन्याभरात समिती 'रिफ्रेश' केली. काकांच्या इतक्या वर्षांच्या सहभागाबद्दल गोड इमेल आली, आणि खाली विचारलं होतं की वडे मात्र पुढच्या वर्षीही मिळतील का. त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांना वाईट वाटलं. त्यांनी सरळ सांगितलं, "स्मिता, मला फार लागलं. मी काही चुकीचं बोललो का गं?" मी नाही म्हटलं. इशानंही फोनवर नाही म्हटलं, दोनदा. त्यानंतर ते फक्त आमच्या गणपतीत आभार मानत राहिले, शेवटच्या गणपतीपर्यंत, आणि मसालेभात निवला तरी कुणी कुरकुर करेना.

पण मला काका आठवतात ते त्या समारंभाच्या संध्याकाळचे. वाइन संपली, लोक कोट घ्यायला लागले. मी लेझमी पिशवीत भरून निघाले तर काका दिसेनात. खुर्च्या आवरताना नव्हते. बघते तो दाराशी. दर वर्षी जिथे ज्युलियन उभा राहायचा तिथे, चॉकलेटी सुटात. जाणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होते, वाकून बोलत होते, एका म्हातारीला तिची छत्री उघडून देत होते. इशा त्यांच्या शेजारी होती, कोट काढून हातावर टाकलेला.

"आजोबा, चल ना," ती म्हणाली. "सगळे लोक गेला."

"सगळे नाही गेले," काका म्हणाले. "शेवटचा पाहुणा गेल्याशिवाय घरचा माणूस कसा निघेल?"

शेवटचा ज्युलियन होता. तो आतून आला, मखमली जाकीट काखेत, आणि दारात काकांना बघून थबकला. मग सवयीनं त्यानं हात पुढे केला आणि तोंड उघडलं. पण काकांनी तो हात आधीच दोन्ही हातांत घेतला होता.

"थँक यू सो मच फॉर कमिंग, ज्युलियन," काका म्हणाले. "माइंड द स्टेप."

ज्युलियननं खाली पायरीकडे बघितलं आणि जपून पाऊल टाकत बाहेर गेला.